चिंचपेटीची उरलेली चार बोटे

१७ जानेवारी १९३५, गुरुवार

बोलून बसले. आता करून द्यावे लागणार.

सासूबाईंनी आज रुक्मिणीची ट्रंक उघडली. प्रभाचे लग्न वैशाखात — आईचे जे काही उरले आहे ते मुलीला द्यायचे. दोन लुगडी, एक पितळी करंडा, आणि तळाशी पत्र्याची डबी. डबीत चिंचपेटी. मोत्यांची नव्हे, काचेच्या बारीक पोतीची. पांढऱ्यावर हिरव्या कोयऱ्या, प्रत्येक कोयरीत एक तांबडा मणी. वीतभर विणलेली. पुढे चार बोटे व्हायची राहिलेली. लोंबता दोरा, दोऱ्याच्या टोकाला सुई तशीच — गंजलेली.

प्रभा म्हणाली, "लग्नात मी हीच घालणार."

हे म्हणाले, "अगं, अर्धवट आहे ती. सराफाकडून मोत्यांची घेऊ की."

"नको. ही नाही तर गळा मोकळा."

आणि मी म्हणाले, "मी पुरी करून देईन."

प्रभाने माझ्याकडे पाहिले. या घरात येऊन मला चार वर्षे झाली; एवढा वेळ तिने कधी पाहिले नव्हते. ती मला काहीच म्हणत नाही. आई नाही, मावशी नाही. "पाणी तापलंय," असे खोलीला सांगते, मला नाही. आज मात्र मलाच बोलली.

"आईचा एक मणीसुद्धा उसवायचा नाही."

"नाही उसवणार."

मला बटण लावता येते. एवढेच!

१९ जानेवारी, शनिवार

दोन दिवस नुसती पाहते आहे. एका ओळीत चौदा मणी. मोहरीएवढे. दोरा कुठून शिरतो, कुठून निघतो, काही कळत नाही. उन्हात धरले, दिव्यासमोर धरले. मी तीन वर्षे मुलींच्या शाळेत मराठी शिकवले आहे. कठीण वाक्य सोडवून दाखवणे हेच काम होते. हे सुटत नाही.

रुक्मिणीला मी पाहिलेले नाही. तापाने गेली तेव्हा प्रभा सहा वर्षांची होती. दुसरेपणावर आलेल्या बायकोने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणून तो मी घालते — चांदीचा, नखाएवढा, त्यावर ठसवलेले तोंड. ते कोणाचेही असू शकेल. पहिल्या वर्षी त्याची भीती वाटायची. नंतर सवय झाली. तिच्याविषयी काही वाटावे असे मात्र काही हाती नव्हते. आज पहिल्यांदा वाटले की ही बाई होती. बसायची, मोजायची, चुकायची. सातव्या कोयरीत एक हिरवा मणी जास्त पडला आहे!

२२ जानेवारी, मंगळवार

सासूबाईंना विचारले, हे विणायचे कसे. म्हणाल्या, "मला त्यातलं काही कळत नाही." पोथीचे पान उलटले.

२५ जानेवारी, शुक्रवार

सापडली!

मधल्या मारुतीकडे जाताना पटवेकऱ्यांचे ओटे आहेत. तिथे दागिने गाठून देतात, तुटलेल्या माळा ओवून देतात. चार ठिकाणी डबी दाखवली. तिघांनी मान हलवली. एक म्हणाला, सारजाबाईला विचारा, म्हातारी आहे, टोकाच्या ओट्यावर बसते.

सारजाबाई पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून पुतळ्या गाठत होती. वर पाहिले ते आधी माझ्या गळ्याकडे.

"दुसरेपनावर दिली व्हय गं तुला?"

"हो."

"आन् ही तिची?"

"हो."

"ती पुरी करनार तू?"

"हो."

"कुनासाटी?"

"तिच्या मुलीसाठी."

हातातले काम खाली ठेवले. मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले आणि हसली. समोरचे दोन दात नाहीत.

"लई शानी हायस का लई येडी, कळंना. बस हितं."

डबीतली चिंचपेटी तिने डोळ्यांजवळ नेली नाही. बोटांखाली धरून चाचपली. ही तिरकी वीण, म्हणाली. तिची आजी करायची. आता कोण करणार, सगळ्यांना सोने हवे. "उद्यापास्नं ये. जेवून ये. उपाशी हात कापतोय."

घरी येईपर्यंत मी कोणाशी तरी बोलत होते. बहुधा रुक्मिणीशी.

२९ जानेवारी, मंगळवार

सारजाबाईचे शिकवणे. सांगत काहीच नाही. करते, आणि माझ्या हाताकडे बघते. चुकले की कोपरावर चापट. "कोपार खाली! पाखरू हायस का?"

वीण अशी: नवा मणी सुईत घ्यायचा, शेजारच्या मण्यातून वर काढायची, खालच्या ओळीतल्या मण्यातून परत आणायची. म्हणजे प्रत्येक मण्याला दोन दोरे धरून असतात. एक तुटला तरी मणी पडत नाही. दोन तुटले तर मात्र सगळेच जाते. मणी सरळ बसत नाही, किंचित कलतो; ओळच्या ओळ एका अंगाला कलते, म्हणून तिरकी. मी प्रत्येक मण्याला दोरा ओढते. ती म्हणते, "वडू नगं. बसू दे त्याला."

कित्येक वर्षांत मला कोणी काही शिकवले नव्हते. विसरलेच होते की हे सुख आहे.

५ फेब्रुवारी, मंगळवार

चौदा मण्यांची एक अख्खी ओळ. न उसवता!

१२ फेब्रुवारी, मंगळवार

सारजाबाईला काय द्यायचे ते विचारले. पैसे नको म्हणाली. दुसरे काही? बराच वेळ दोऱ्याला मेण लावत बसली. मग म्हणाली, "माजं नाव लिवून दाव."

तिच्या ओट्याच्या फळीवर खडूने लिहिले. सारजा. तिने जवळून पाहिले, लांबून पाहिले.

"एवढंच?"

"एवढंच."

"एवढ्यात मी बसते व्हय?" आणि पुन्हा हसली. मग बोटाने अक्षरांवरून फिरवत राहिली, पोतीवरून फिरवते तशी. गिऱ्हाईक आले तर त्याला म्हणाली, थांब जरा, काम चाललंय.

उद्यापासून ती मला ओळ दाखवणार, मी तिला अक्षर.

२० फेब्रुवारी, बुधवार

सरावासाठी मनगटात घालायची एक पट्टी विणली. निळी, मध्ये पांढरी रेघ. वेडीवाकडी. माझ्या हाताने केलेला पहिला दागिना! खिडकीत ठेवली होती. दुपारी प्रभाच्या मनगटावर दिसली. मी आत आले तेव्हा तिची पाठ माझ्याकडे होती. हात उजेडात फिरवून बघत होती. मी पाऊल न वाजवता परत फिरले.

संध्याकाळी पट्टी जागेवर. मी सैल बांधलेली गाठ घट्ट केलेली.

२४ फेब्रुवारी, रविवार

ह्यांनी आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतून भिंग आणून दिले. "सोमवारी परत न्यायचंय," म्हणाले. नंतर म्हणाले, "मंगळवारी चालेल." त्यांना हे सगळे खूळ वाटते. तरी आणले. बोलत कमी, आणतात!

२ मार्च, शनिवार

आज रुक्मिणीच्या शेवटच्या ओळीला माझी पहिली ओळ जोडली. गंजलेली सुई काढून टाकली, तिच्याच दोऱ्याला नवा दोरा गाठला. सुई तिच्या मण्यातून जाताना हात थांबला. दहा वर्षांपूर्वी ती या मण्यापाशी उठली होती. कशाला उठली असेल? दूध उतू जात असेल. प्रभा रडत असेल.

मनात म्हणाले, बाई, येऊ का?

१० मार्च, रविवार

दोन बोटे झाली. प्रभा येता-जाता पाहते. विचारत नाही, पण ओळी मोजते. काल सुपारी कातरता कातरता म्हणाली, "वीस." बरोबर वीस!

११ मार्च, सोमवार

सकाळी चिंचपेटी अंगणात नेली. ऊन पडले की तिची वीतभर बाजू एका अंगाला चमकते, माझी दोन बोटे दुसऱ्या. तिचे मणी एकीकडे कललेले, माझे उलटीकडे. घरात कळत नव्हते. दोन वेगवेगळी कापडे एकाला एक शिवल्यासारखे दिसते. मांडवात, उन्हात, शंभर बायकांपुढे प्रभाच्या गळ्यात हे!

तशीच सारजाबाईकडे गेले. तिने या वेळी डोळ्यांजवळ नेली. उलटी केली, सुलटी केली. मग कपाळावर हात मारला.

"आगं, ह्या बाईचा हात डावा व्हता की! मी बी आंधळी. डाव्या हाताची वीन डावीकडं पडती. तुजा उजवा. कसं जुळंल?"

उलटी धरून विणली तर? तिने करून दाखवले. कल जुळतो, पण दोऱ्याच्या गाठी वर येतात. मग मी डाव्या हातात सुई धरली. तासाभरात चार मणी, त्यातले तीन जमिनीवर.

"राहू दे," सारजाबाई म्हणाली. "चाळीस वर्सं उजव्यानं जेवलेला हात हाय का त्यो, एका दिसात शिकायला?" मी चाळीस वर्षांची नाही म्हटले. "दिसतीस," म्हणाली.

घरी येऊन ह्यांना विचारले, रुक्मिणी डावरी होती का? "लक्षात नाही," म्हणाले. "जेवायची तर उजव्याने." मग म्हणाले, "मी नीट पाहिलंच नसेल."

१४ मार्च, गुरुवार

माझी दोन बोटे उसवायला बसले. शेवटची ओळ सोडवताना कातर एका धाग्यापुढे गेली. तो माझा नव्हता, रुक्मिणीचा होता. त्या मण्यांना धरणारा दुसरा मी आधीच तोडला होता.

चार ओळी. रुक्मिणीच्या. सगळे मणी फरशीवर.

तबकात भरले तेवढे भरले. बाकीचे शहाबादी फरशीच्या सांधीत गेले. बसून राहिले. कोणाला न सांगता नवी पोत आणता आली असती, कोणाला कळले नसते. मग उठून प्रभाकडे गेले आणि सांगितले — तुला शब्द दिला होता, तो मोडला. तुझ्या आईच्या चार ओळी माझ्या हातून गेल्या.

तिने तबक पाहिले. उठून माडीवर गेली.

१५ मार्च, शुक्रवार

बोलली नाही.

१६ मार्च, शनिवार

बोलली नाही. जेवलीही कमी.

१७ मार्च, रविवार

सकाळी माजघरात गेले तर प्रभा फरशीवर पालथी पडलेली. बोट ओले करून सांधीतला एकेक मणी उचलत होती. मीही शेजारी पालथी पडले. तासभर दोघी. छपन्नातले चोपन्न सापडले. दोन सापडले नाहीत.

डबीचे झाकण माझ्या कोपराने उडाले. खाली पडायच्या आत प्रभाने ते झेलले. डाव्या हाताने. आणि झेलताच हात पोळल्यासारखा मागे घेतला.

मी पाहत राहिले.

"आजी लहानपणी हा हात बांधायची," ती म्हणाली. "फडक्याने. कमरेला. डाव्याने काही घेतलं की." तिच्या तोंडून माझ्याशी निघालेले हे सगळ्यांत लांब बोलणे. "आता नाही घेत मी."

मी सुईत दोरा ओवला. तिच्यासमोर बसले. सुई तिच्या डाव्या बाजूला ठेवली.

"तुझी आई डाव्या हाताने विणायची," मी सांगितले. "सारजाबाई म्हणते."

प्रभाने सुईकडे पाहिले. मग म्हणाली, "खरंच?"

"वीण तशी आहे."

तिने सुई उचलली. डाव्या हाताने.

१८ मार्च, सोमवार

समोरासमोर बसून शिकवते. माझा उजवा हात तिच्या डाव्यासमोर. आरशात बघितल्यासारखे ती करते. मला एका ओळीला आठवडा लागला होता. तिची पहिली ओळ दोन तासांत! ऊन दाखवले. तिचे मणी रुक्मिणीच्या मण्यांबरोबर कललेले. सांधा दिसतच नाही.

मला रडू आले. तिने पाहिले आणि म्हणाली, "मणी ओले होतील." मग दोघी हसलो.

२६ मार्च, मंगळवार

प्रभाला सारजाबाईकडे नेले. सारजाबाईने तिचा डावा हात हातात घेऊन बोटे एकेक दाबून पाहिली, भाजी निवडताना दाबतात तशी.

"आईचा हात घेऊन आलीस गं पोरी."

येताना प्रभा रस्ताभर बोलत होती. शाळेत तिचे अक्षर घाणेरडे म्हणून बाई कशा रागवायच्या. पाच वर्षांची असताना तिने डाव्या हाताने काढलेले कमळ कोणी पुसले. आणि मध्येच — "मला वाटायचं माझ्यात आईचं काहीच नाही. रंग बाबांचा, नाक आजीचं. आरशात मी शोधायची." डावा हात पदराखालून बाहेर काढून चालत होती. थेट घरापर्यंत, शुक्रवार पेठेपर्यंत!

आज ज्याचे आभार मानावेत तो कोण ते कळत नाही. चूक माझी होती. त्या चुकीमुळे हे झाले. कातरीचे आभार मानू?

३ एप्रिल, बुधवार

विणता विणता प्रभाने विचारले, "तिकडे मी कोणत्या हाताने करू?" तिकडे म्हणजे अक्कलकोटला, मुलगा तिथे पोस्टात आहे.

मी म्हटले, "पाणी उजव्याने दे. सुई डाव्याने धर. महिना गेला की त्यांना सांग."

"आणि चिडले तर?"

"तर पत्र लिही. डाव्या हाताने लिही. मी वाचीन."

तिने मान खाली घातली. "मावशी, दोरा संपला," म्हणाली.

मावशी!

मी दोरा दिला. जणू रोजच म्हणते असा दिला.

९ एप्रिल, मंगळवार

अठरा ओळी झाल्या होत्या. चव्वेचाळीस व्हायच्या आहेत — राहिलेल्या चाळीस, आणि मी सांडलेल्या चार.

सासूबाई देवळातून लवकर आल्या. दारात उभ्या. प्रभाच्या हाताकडे पाहत होत्या.

"लग्नाचा दागिना! डाव्या हातानं!"

सासूबाई आत आल्या.

"त्यांच्या घरचं कोणी पाहिलं तर काय म्हणतील? एवढी वर्षं जपलं मी. एवढी वर्षं! आणि हिनं महिन्याभरात —" ही म्हणजे मी.

प्रभा म्हणाली, "आजी, आई पण डाव्यानेच विणायची."

सासूबाई काहीतरी बोलणार होत्या. तोंड उघडून मिटले. मग म्हणाल्या, "हो. आईचाच गुण तो. दुसऱ्या कोणाचा असणार."

"मग असू दे," प्रभा म्हणाली. आजीला तिने उलट उत्तर दिलेले मी कधी ऐकले नव्हते. रागाने नाही — मान वर करून, आनंदाने!

सासूबाईंनी डबी उचलली, आपल्या पेटीत टाकली, किल्ली कमरेला लावली.

१० एप्रिल, बुधवार

ह्यांना सांगितले. "आईपुढे मी काय बोलू," म्हणाले. पण रात्रीच्या जेवणाला आईशेजारी बसले नाहीत. त्यांच्या मानाने पुष्कळ.

२२ एप्रिल, सोमवार

पापड झाले. कुरडया झाल्या. डबी पेटीतच.

प्रभा रडत नाही. नव्या पोतीवर सराव करते, माडीवर, दार लावून. काल मला एक अंगठी दिली. तिने विणलेली. हिरवी, मध्ये तांबडा मणी. "मावशी, ही तुम्हाला. करंगळीत बसेल." करंगळीत बसत नाही, अनामिकेत बसते. घातली आहे. कणीक मळतानाही काढत नाही.

३० एप्रिल, मंगळवार

आज सासूबाईंच्या पाया पडले. म्हणाले, मला बोला, माझ्याशी बोलू नका, काहीही करा. डबी द्या. तिला आईचे एवढेच हवे आहे.

त्या जप करत होत्या. माळ थांबली.

"तुला काय पडलंय गं एवढं? तुझी सवत ती."

म्हटले, "तिच्यामुळे प्रभा माझ्याशी बोलते."

माळ पुन्हा सुरू झाली. नाही म्हणाल्या नाहीत. हो म्हणाल्या नाहीत.

१ मे, बुधवार

डबी शिवणाच्या टोपलीत! कोणी ठेवली ते विचारले नाही. प्रभालाही सांगितले, विचारू नकोस. उपकार करणाऱ्याला कधी कधी पाहू नये.

सव्वीस ओळी राहिल्या. दहा दिवस आणि घर पाहुण्यांनी भरलेले.

६ मे, सोमवार

मांडव पडला. सव्वीसांतल्या नऊ ओळी झाल्या. दर दहा मिनिटांनी कोणीतरी हाक मारते — प्रभा, बांगड्या, प्रभा, माप, प्रभा, ही बघ तुझी चुलतमावशी. मी दारात बसते आणि पाहुण्यांना परतवते. नवरीला चक्कर येते म्हणून सांगितले. आता सगळ्या लिंबाचे सरबत घेऊन येतात!

९ मे, गुरुवार

सकाळी पंधरावी ओळ पुरी झाली. अकरा राहिल्या. हळद उद्या संध्याकाळी, म्हणजे दीड दिवस हातात. हिशेब बसत होता.

अकरा वाजता पाहुण्या बायका आत आल्या. भटजींनी वेळ बदलली, हळद आजच, आत्ताच. प्रभाच्या डाव्या हातात सुई होती. मी ती काढून घेतली. पाच जणींनी तिला पाटावर नेले.

या घरची रीत: एकदा हळद लागली की लग्न लागेपर्यंत नवरीने सुई-कातरीला हात लावायचा नाही. प्रभानेही विचारले नाही. पाटावरून माझ्याकडे पाहत होती, तोंड सगळे पिवळे.

अकरा ओळी.

१० मे, शुक्रवार

पहाटेपासून डाव्या हाताने बसले आहे. एक ओळ. कल बरोबर, पण मणी ओढून बसलेले, कड वाकडी. ती उसवली. पुन्हा. पुन्हा उसवली. सारजाबाईकडे निरोप पाठवला. तिचा उलट निरोप — माझा बी हात उजवाच हाय बाई, देवानं दिला तसा.

दुपारी प्रभाजवळ जाऊन बसले. जमत नाही म्हणून सांगितले. ती म्हणाली, "मावशी, राहू दे. अर्धीच बांधू. मागे अंबाड्याखाली दोरा दिसेल, दिसू दे. तुम्ही पुष्कळ केलंत."

सोळा वर्षांची मुलगी मला समजावते आहे. हे चार महिने मला मिळाले, हेच माझ्या वाट्याला फार आहे. खरेच फार आहे. पण शब्द दिला होता. लग्न परवा.

११ मे, शनिवार

दुपारी सगळे जेवून आडवे झाल्यावर सासूबाई माजघरात आल्या. दार लोटले. "आण ती," म्हणाल्या. डबी दिली. भिंतीला टेकून बसल्या आणि सुई डाव्या हातात धरली. त्याच तळव्यावर डाग दिल्याची जुनी, पांढरी खूण. मी आजवर पाहिली नव्हती. पहिल्या ओळीला वेळ लागला. पुढच्या दहांना नाही. कोयऱ्या न मोजता विणत होत्या.

शेवटची गाठ मारली. दोरा दाताने तोडला.

"रुक्मिणी उजव्या हाताची होती," म्हणाल्या. "शेजारी बसवून मी शिकवली. मी डाव्यानं दाखवलं, ती डाव्यानं शिकली. पोरीचा हात माझ्यावरून आलाय."

चिंचपेटी माझ्या ओंजळीत ठेवली.

"तू सांग तिला. मला जमायचं नाही."